सुई, घड्याळ आणि कुलाब्याची नोंदवही

भर समुद्रात जहाजाला दोन गोष्टी कळाव्या लागतात. तोंड कोणत्या दिशेला आहे ही एक आणि आपण नेमके कुठे आहोत ही दुसरी. पहिलीचे उत्तर लोहचुंबकाच्या सुईने दिले, दुसरीचे घड्याळाने. दोन्ही उत्तरे अर्धवट होती. सुई खऱ्या उत्तरेकडे क्वचितच रोखते आणि कोणतेही घड्याळ काही काळाने मागे-पुढे जाते. नौकानयनाच्या इतिहासाचा मोठा भाग या दोन साधनांची चूक किती आहे हे शोधण्यात गेला आहे. चूक नाहीशी करता आली नाही तरी ती किती आहे हे माहीत असले, की वजाबाकी करून जहाज सुखरूप नेता येते. ही वजाबाकी नेमकी करून देणाऱ्या जगातल्या जुन्या संस्थांपैकी एक महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, आधी मुंबईत कुलाब्याला आणि पुढे अलिबागला उभी राहिली. तिथल्या नोंदी आजही चालू आहेत.

खुणा, तारे आणि लोखंडी मासा

किनाऱ्यालगत चालणाऱ्या गलबतांना सुईची फारशी गरज नसते. डोंगराचा सुळका, किल्ल्याचा बुरूज, देवळाचा कळस, खाडीचे तोंड, पाण्याचा बदलता रंग आणि तळ चाचपण्यासाठी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा यांवर कोकणातल्या तांडेलांचे भागत असे. आंग्र्यांच्या आरमारातील गुराबा आणि गलबते लढली ती बहुतेक किनारा दृष्टीच्या टप्प्यात ठेवूनच. मस्कत, एडन किंवा आफ्रिकेचा किनारा गाठायचा झाला, की मात्र जमीन दिसेनाशी होई.

अशा वेळी अरबी समुद्रावरचे नाखवे ताऱ्यांची उंची मोजत. त्यासाठी कमाल नावाचे साधे साधन होते: लाकडाची लहान चौकोनी फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली गाठी मारलेली दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी डोळ्यांसमोर ताणायची, तिची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरची ध्रुवताऱ्याला लागते का ते पाहायचे. कोणत्या बंदराला ध्रुव किती उंच दिसतो हे नाखव्यांना पाठ असे. त्या उंचीवर पोहोचेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे आणि मग ती उंची न सोडता सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचे, अशी ही रीत होती. पंधराव्या शतकातील अरब नाविक अहमद इब्न माजिद याने हिंदी महासागरातील या ज्ञानाचा विस्तृत ग्रंथ लिहिला.

सुई या समुद्रात आली ती ढगाळ रात्रींची सोय म्हणून. चीनमध्ये शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास चुंबकित सुईचे वर्णन केले आणि ती नेमकी दक्षिणोत्तर न राहता किंचित कललेली असते, हेही नोंदवले. युरोपात बाराव्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांडर नेकॅम याच्या लिखाणात नाविकांच्या सुईचा उल्लेख येतो. हिंदी महासागरातील नाविक पाण्यावर तरंगणारा पोकळ लोखंडी मासा दिशा पाहण्यासाठी वापरतात, असे बैलक अल-किबजाकी या लेखकाने १२८२ मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे सुईखाली दिशांची चकती आली, ती धातूच्या डबीत बसली आणि होकायंत्र सुकाणूसमोर स्थिरावले.

वसईच्या पाण्यात भरकटलेली सुई

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यावर लिस्बन ते गोवा ही वाट नियमित झाली. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालणाऱ्या या प्रवासात खलाशांच्या लक्षात आले, की सुईचा कल जागोजागी बदलतो. कुठे ती खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला झुकते, कुठे पश्चिमेला. भूगोलाच्या पुस्तकात याला चुंबकीय दिक्पात म्हणतात. तो मोजायचा कसा आणि त्याचा उपयोग होईल का, हे तपासण्याचे काम १५३८ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या झुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज कप्तानाने केले. पेद्रो नुनेश या गणितज्ञाने सुचवलेले उपकरण त्याच्याजवळ होते.

रीत सोपी होती. क्षितिजसमांतर चकतीच्या मध्यावर एक उभी काडी आणि चकतीत बसवलेली चुंबकसुई. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर आला, की काडीची सावली सुईपासून किती अंशांवर पडते ते लिहायचे. दुपारनंतर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर उतरला, की पुन्हा लिहायचे. सुई खऱ्या उत्तरेला असती तर दोन्ही कोन सारखे आले असते. जो फरक येतो त्याच्या निम्मा म्हणजे सुईचा कल. १५४१ पर्यंत कास्त्रोने अशा ४३ नोंदी केल्या.

त्यातल्या दोन गोष्टी विशेष आहेत. ऑगस्ट १५३८ मध्ये मोझांबिकजवळ जहाजावरच्या तोफा सुईला खेचतात असे त्याच्या ध्यानात आले. लोखंडाच्या सान्निध्याने जहाजाची सुई फसते, याची ही फार जुनी नोंद आहे. गोव्याहून दीवला जाताना मुंबई-वसईच्या पाण्यात सुई थोड्या थोड्या अंतरावर वेगवेगळे कल दाखवू लागली. पाण्याखालच्या खडकांचा हा परिणाम असावा, असा तर्क त्याने केला. तो बरोबर होता. सह्याद्रीपासून मराठवाड्यापर्यंत पसरलेला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लोहचुंबकी खनिजांनी भरलेला आहे.

हा पाषाण मराठवाड्यातल्या उदगीरच्या भुईकोट किल्ल्याखालीही आहे. वीज पडून गेलेल्या अशा कातळाजवळ होकायंत्र नेले तर काटा चांगलाच वळू शकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना त्यातील चुंबकी कण त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेत गोठले. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांतील ही गोठलेली दिशा मोजली तेव्हा ती आजच्या दिशेशी जुळेना. लाव्हा वाहिला त्या काळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असा तिचा अर्थ लागला. खंड सरकतात या मताला मिळालेल्या पुराव्यांत दख्खनच्या दगडाचा वाटा मोठा आहे.

कलावरून जागा ओळखण्याचा फसलेला बेत

इंग्लंडमध्ये १६०० साली विल्यम गिल्बर्टने लोहचुंबकावरील ग्रंथात पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, असे मांडले. ताऱ्यांकडे किंवा उत्तरेतल्या कल्पित चुंबकी पर्वताकडे बोट दाखवणारी स्पष्टीकरणे त्यानंतर मागे पडली. नाविकांना मात्र वेगळा लाभ हवा होता. सुईचा कल जागोजागी निराळा असेल, तर कल मोजून जागा ओळखता येईल. हिंदुस्थानच्या वाटेवरचे पोर्तुगीज सुकाणूधारी कलातील बदलावरून आपण किती पूर्वेला आलो याचा अंदाज बांधतच होते.

हा बेत लंडनच्या एका मोजणीने अडचणीत आणला. विलियम बरो याने १५८० मध्ये लंडनला सुईचा कल ११ अंश १५ कला पूर्वेला मोजला होता. हेन्री गेलिब्रँडने १६३४ मध्ये पुन्हा मोजला तेव्हा तो ४ अंशांच्या आसपास आला. म्हणजे कल जागेप्रमाणे बदलतो तसाच काळाप्रमाणेही बदलतो. आजचा नकाशा पन्नास वर्षांनी निरुपयोगी ठरणार. एडमंड हॅलीने १६९८ ते १७०० या काळात 'पॅरामोर' जहाजावरून अटलांटिक पालथा घालून समान कलाच्या रेषांचा नकाशा १७०१ मध्ये प्रसिद्ध केला. तो दिशा सुधारायला उपयोगी पडला, पण पूर्व-पश्चिम ठिकाण सांगण्याइतका विश्वासाचा नव्हता. ते काम घड्याळाकडे जाणार होते.

उदगीर आणि अलिबाग: एकच अक्षांश, सतरा मिनिटांचे अंतर

पूर्व-पश्चिम ठिकाण का अवघड, हे महाराष्ट्राच्या नकाशावर चटकन दिसते. उदगीर १८ अंश २४ कला उत्तर अक्षांशावर आहे आणि अलिबाग १८ अंश ३८ कलांवर. दोन्ही गावांतून ध्रुवतारा जवळजवळ सारख्याच उंचीवर दिसतो. फरक पाव अंशाच्या आसपास, कमालने कळणारही नाही इतका. तरी दोन्ही गावांत सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर आहे. नुसत्या ध्रुवाकडे पाहून माणूस उदगीरला आहे की अलिबागला, हे सांगता येणार नाही.

हे सांगतो सूर्य, पण हाताशी घड्याळ असेल तरच. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश. उदगीर अलिबागच्या सव्वाचार अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य सतरा मिनिटे आधी डोक्यावर येतो. अलिबागच्या वेळेला लावलेले घड्याळ कोणी न बिघडवता उदगीरला आणले आणि तिथल्या मध्यान्हाला ते अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटे दाखवू लागले, तर अंतर मोजून झालेच. याउलट घड्याळ एक मिनिट चुकले तर या अक्षांशावर ठिकाण २६ किलोमीटरने चुकते. जमिनीवर ही गंमत आहे. समुद्रात तेवढ्या अंतरात एखादा बुडता खडक असू शकतो.

भारतीय ज्योतिषाला हे तत्त्व जुन्या काळापासून माहीत होते. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरून तिच्यापासूनच्या पूर्व-पश्चिम अंतराला ग्रंथकार देशांतर म्हणत. गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा चंद्रग्रहण उशिरा दिसले तर गाव मध्यरेषेच्या पूर्वेला, अशी कसोटी सूर्यसिद्धांतात दिली आहे. पंचांगातील गावोगावच्या सूर्योदयाच्या वेळा याच हिशेबाने निरनिराळ्या येतात. ग्रहण मात्र क्वचित येते आणि वेळ मोजायला घटिकापात्र लागते. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवली, की चोवीस मिनिटांत भरून बुडते. लग्नघटकेसाठी ती पुरेशी. हेलकावणाऱ्या गलबतावर ना ही वाटी चालते, ना लंबकाचे घड्याळ.

अर्ध्या अंशाचे इनाम

ठिकाण न कळल्याची किंमत जबर होती. पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे निघालेले 'सांतियागो' १५८५ मध्ये मोझांबिकच्या सामुद्रधुनीतील प्रवाळखडकांवर आदळून फुटले. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडच्या सिली बेटांजवळ सर क्लाउड्स्ली शॉव्हेलच्या आरमारातील चार जहाजे खडकांवर गेली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये कायदाच केला: समुद्रात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत काढण्याची रीत देणाऱ्याला २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. वेस्ट इंडीजच्या सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळ दिवसाला तीन सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये, असा याचा अर्थ. जमिनीवरची बहुतेक घड्याळेही तेव्हा इतकी नेमकी नव्हती.

दोन वाटांनी प्रयत्न झाले. पहिली आकाशातल्या घड्याळाची. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश सरकतो. त्याचे ठरावीक ताऱ्यापासूनचे अंतर मोजले आणि ते अंतर ग्रीनिचला किती वाजता असेल याचे कोष्टक जवळ असले, तर ग्रीनिचची वेळ कळते. टोबियास मायरच्या चंद्रकोष्टकांवर आधारलेले 'नॉटिकल अल्मनॅक' नेव्हिल मॅस्केलिनने १७६७ पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ही रीत स्वस्त होती, पण प्रत्येक वेळी लांबलचक आकडेमोड लागे.

दुसरी वाट सुतारकाम शिकलेल्या जॉन हॅरिसनची. त्याचे पहिले समुद्री घड्याळ १७३५ मध्ये तयार झाले. तळहाताहून थोडे मोठे, मोठ्या खिशघड्याळासारखे एच-४ हे चौथे घड्याळ पूर्ण व्हायला १७५९ साल उजाडले. त्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७६० मध्ये, उदगीरला सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाचा पराभव केला. मराठी सत्तेचे लक्ष उत्तरेच्या आणि दख्खनच्या जमिनीवर होते आणि आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गच्या खाडीत १७५६ मध्येच जळाले होते. समुद्राची सत्ता कोणाकडे जाणार हे ठरवणारे एक साधन त्याच सुमारास लंडनमधल्या एका घरात आकाराला आले.

एच-४ ची पहिली परीक्षा १७६१-६२ मध्ये जमैकाच्या प्रवासात झाली. ८१ दिवसांनंतर चूक निघाली सुमारे पाच सेकंदांची. पण हा आकडा वजाबाकीनंतरचा होता. घड्याळ रोज दोन सेकंदांहून थोडे अधिक मागे पडते हे धरून तो काढला होता. रोजची ही चाल निघण्याआधी जाहीर केली नव्हती, म्हणून निकाल मानता येत नाही, असा आक्षेप इनामाचा निर्णय करणाऱ्या रेखांश मंडळाने घेतला. १७६४ च्या बार्बाडोस प्रवासात हॅरिसनकडून चाल आधीच लिहून घेतली. ४७ दिवसांत चूक ३९.२ सेकंद आली, म्हणजे मागितलेल्या दोन मिनिटांच्या एक तृतीयांश. पुरा पैसा मात्र १७७३ पर्यंत हातात पडला नाही.

या भांडणात समुद्री घड्याळाचे मर्म आहे. चांगले घड्याळ न चुकणारे असायला हवे असे नाही. ते रोज सारखेच चुकायला हवे. दिवसाला पाच सेकंद पुढे जाणारे घड्याळ कप्तानाच्या कामाचे असते. आज दोन आणि उद्या सात सेकंद पुढे जाणारे धोक्याचे. कॅप्टन कुकने १७७२ ते १७७५ च्या सफरीत लार्कम केंडलने केलेली एच-४ ची प्रतिकृती नेली आणि तिच्या भरवशावर दक्षिण समुद्राचे नकाशे काढले. पुढे जॉन अर्नोल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनी रचना सोपी आणि स्वस्त केल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरही अशी समुद्री घड्याळे, म्हणजे क्रोनोमीटर, आली. कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारातील अधिकाऱ्यांनी १८२९ ते १८३४ या काळात तांबड्या समुद्राची जी मोजणी केली तीत हेच साधन हाताशी होते.

कुलाब्याची वेधशाळा

क्रोनोमीटरला एक अट असते. बंदरात पोहोचल्यावर त्याची वेळ कशाशी तरी ताडून पाहावी लागते. अनेक महिन्यांचा प्रवास करून मुंबईला लागलेल्या जहाजाला खात्रीची वेळ देणारे कोणी हवे होते. या गरजेतून ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. तारा मध्यान्हरेषा ओलांडतो तो क्षण दुर्बिणीतून टिपायचा आणि त्यावरून घड्याळ लावायचे, हे तिचे मूळ काम. कुलाब्याचे रेखांश ७२ अंश ४९ कलांच्या आसपास असल्यामुळे तिथली वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे येई.

ही वेळ बंदरातल्या जहाजांना कशी कळायची? त्यासाठी कालगोल असे. उंच खांबावर मोठा गोळा चढवून ठेवायचा आणि ठरलेल्या क्षणी तो खाली सोडायचा. ग्रीनिचला ही पद्धत १८३३ मध्ये सुरू झाली. मुंबईत किल्ल्याच्या झेंडाकाठीवर आणि पुढे प्रिन्सेस डॉकवर असे गोळे होते आणि ते कुलाब्याहून तारेने सोडले जात. जहाजावरचा अधिकारी दुर्बीण रोखून उभा राही, दुसरा क्रोनोमीटरजवळ बसे. गोळा सुटताच पहिला हाक देई, दुसरा सेकंद लिहून घेई. क्रोनोमीटरच्या काट्यांना हात लावायचा नाही, नुसता फरक वहीत उतरवायचा. आठ-दहा दिवस असे केले, की घड्याळाची रोजची चाल कळे आणि पुढच्या प्रवासात ती वजा केली जाई.

१८४१ मध्ये कुलाब्याला दुसरे काम लागले. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी जगभर एकाच वेळी भूचुंबकत्वाच्या नोंदी घेण्याची योजना आखली होती. ब्रिटिशांनी त्या धर्तीवर सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई येथे निरीक्षणे सुरू केली. मुंबईची जबाबदारी एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार यांच्याकडे आली. काही काळ ती बाळशास्त्री जांभेकरांनी सांभाळली. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे बाळशास्त्री १८४६ मध्ये वारले. ऑर्लेबारांच्या हाताखाली तरुणपणीच लागलेले अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे इथेच वेध घ्यायला शिकले. पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक म्हणून गाजलेल्या केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पटवर्धनी पंचांगही त्यांनी १८६५ पासून चालवले. जहाजांना वेळ देण्यासाठी उभारलेल्या दुर्बिणीने अशा प्रकारे मराठी घरांतल्या पंचांगालाही हात घातला.

१८५९ चे वादळ

चुंबकाच्या नोंदी घेणे हे चिकाटीचे काम. रेशमी दोऱ्याने टांगलेल्या चुंबकाला लहान आरसा लावलेला असे आणि मोजपट्टीचे प्रतिबिंब दुर्बिणीतून वाचायचे. माणूस जवळ गेला तर त्याच्या किल्ल्यांनीही सुई हलायची, म्हणून वाचन दुरून. रात्रंदिवस तासातासाने आकडे उतरवले जात. छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी उपकरणे १८७२ मध्ये आली, तोवर सारी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर तेजाचा झोत पाहिला. जवळपास सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली आणि अनेक ठिकाणी स्वयंलेखी उपकरणांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र नोंदींमधला वेळ कमी करून हाताने आकडे घेणे चालू ठेवले. त्यामुळे वादळाच्या भरात क्षितिजसमांतर क्षेत्र किती खाली गेले ते कळते: सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे नेहमीच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लखीना आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या जुन्या आकड्यांवरून वादळाची तीव्रता काढली. त्या वादळाचे सर्वांत उपयोगी दस्तऐवज म्हणून कुलाब्याच्या वहीचा आज जगभर आधार घेतला जातो.

याच काळात जहाजे लाकडाऐवजी लोखंडाची होऊ लागली आणि कास्त्रोने तोफांजवळ पाहिलेली अडचण साऱ्या जहाजभर पसरली. जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून होकायंत्राजवळ चुंबक आणि लोखंडाचे तुकडे योग्य जागी बसवले, तर जहाजाचा परिणाम बराचसा खोडता येतो, हे दाखवले. उरलेली चूक कोष्टकात मांडायची. त्यासाठी जहाज बंदरात नांगरून हळूहळू पूर्ण वर्तुळात फिरवतात, प्रत्येक दिशेला किनाऱ्यावरच्या माहीत असलेल्या खुणेकडे रोखून होकायंत्र किती अंश चुकते ते लिहितात आणि तक्ता सुकाणूजवळ टांगतात. बंदराचा खरा चुंबकीय कल ठाऊक असेल तरच हा तक्ता जमतो.

ट्रामने हलवलेली वेधशाळा

१८९६ मध्ये नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस कुलाब्याचे संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. काही वर्षांतच मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा विद्युतप्रवाह आपले चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि तो ट्रामच्या ये-जा करण्याबरोबर क्षणोक्षणी बदलतो. पृथ्वीचा कल दरवर्षी किती सरकतो हे मोजून काढता येते. ट्रामचा गोंधळ वजा करायला कोणतीच रीत नव्हती. वेधशाळा शहराबाहेर नेणे एवढाच उपाय उरला.

मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे तीस किलोमीटरच्या आसपास असलेली अलिबागची जागा निवडली. तिथे उभारलेल्या इमारतीला चुंबकी गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. बिजागऱ्या, खिळे, कड्या तांब्या-पितळेच्या. उपकरणांची खोली अंधारी आणि भिंती दुहेरी, म्हणजे दिवसाच्या उन्हाने आतले तापमान हलू नये. आजूबाजूच्या कोकणी घरांत पावसाळ्यात गंजलेल्या खिळ्यांची तक्रार असते. या इमारतीत लोखंडाचा खिळाच नाही.

१९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, दोन्ही जागांतील फरक निश्चित केला गेला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधा न दिसता जोडली गेली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती ७ मे १९०७ ला. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या चुंबकीय आकड्यांचे विश्लेषण १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळाची सुरुवात, उतार आणि सावरणे यांचे त्यांनी केलेले वर्णन पुढच्या अभ्यासाचा पाया ठरले.

वेळेचा प्रश्नही याच वर्षांत नव्याने पुढे आला. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत होती आणि मुंबई आपल्या वेळेने. १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ आली. ती कुलाब्याच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे आहे आणि उदगीरच्या सुमारे एकवीस मिनिटे. मुंबईने आपली जुनी वेळ १९५० च्या दशकापर्यंत धरून ठेवली. जहाजांना मात्र या वादाशी कर्तव्य उरले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी यंत्रावरून वेळेचे ठोके प्रसारित होऊ लागले आणि भर समुद्रात घड्याळ ताडता येऊ लागले. कालगोलाचे काम संपले.

उपग्रहातले घड्याळ आणि बदलता कल

आजचे उपग्रह-नौकानयन म्हणजे हॅरिसनच्या तत्त्वाची पुढची पायरी आहे. उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ रेडिओलहरींवरून पाठवतो. ती किती उशिरा पोहोचली यावरून अंतर निघते आणि तीन-चार उपग्रहांच्या अंतरांवरून जागा. लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, म्हणून सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटर. सापेक्षतेच्या नियमांमुळे जीपीएसच्या उपग्रहांतील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही चाल आधीच माहीत असल्यामुळे ती वजा केली जाते. केली नसती तर ठिकाण दिवसाला दहा-अकरा किलोमीटरने सरकले असते.

भारताच्या 'नाविक' या उपग्रह-नौकानयन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पुढे त्याची परदेशी रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि उपग्रह शाबूत असूनही ठिकाण सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले आहे.

चुंबकसुईही निवृत्त झालेली नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे समुद्री जहाजावर नीट तपासलेले चुंबकीय होकायंत्र असावेच लागते, कारण त्याला वीज लागत नाही. मोबाइलमधले होकायंत्रही पृथ्वीचेच क्षेत्र मोजते आणि खरी उत्तर दाखवण्यासाठी जागतिक चुंबकीय प्रतिमानाचा आधार घेते. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींनी क्षेत्र सतत बदलत असल्यामुळे हे प्रतिमान दर पाच वर्षांनी नव्याने काढावे लागते. मुंबई किनाऱ्यावर आज दिक्पात एक अंशाच्या आत आहे. तो तसाच राहणार नाही.

या बदलावर नजर ठेवण्याचे काम अलिबागला चालू आहे. १९७१ पासून ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. अलिबागचे आकडे जागतिक वेधशाळांच्या जाळ्यात जातात. दक्षिणेत तिरुनेलवेलीला घेतलेल्या नोंदींशी त्यांची तुलना करून चुंबकीय विषुववृत्तावरच्या आकाशात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे मोजमाप होते. चुंबकीय वादळात उपग्रहांच्या संदेशांना होणारा अडथळा समजून घेण्यासाठीही तेच आकडे लागतात. कुलाबा आणि अलिबाग मिळून ही मालिका पावणेदोनशे वर्षांहून मोठी आहे. जगात इतक्या लांबीच्या अखंड चुंबकीय नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत.